रात्री अडीचला फोन कुणाला करायचा?

काकांच्या पायात त्या रात्री चप्पल नव्हती. पोलिसांच्या जीपमध्ये त्यांना बसवलं तेव्हा काकू चप्पल हातात घेऊन मागे धावली, पण तोवर जीप वळणापलीकडे गेली होती. सोळा वर्षं झाली त्याला. घरात त्या रात्रीचा विषय निघाला की काकू अजूनही आधी चपलेचंच बोलते.

२००९ सालचा मे महिना. मी सुट्टीत काकांकडे, आमच्या तालुक्याच्या गावी गेलो होतो. काका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. अतिशय शिस्तीचा, मितभाषी माणूस. त्या आठवड्यात मात्र त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. विजेचा मीटर आपलं बोलणं ऐकतो म्हणून त्यावर त्यांनी गोधडी घातली होती. चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला ते उठले आणि अनवाणीच एसटी स्टँडकडे निघाले. पहाटेच्या पहिल्या गाडीने जाणाऱ्यांना सावध करायचं होतं त्यांना.

चुलतभाऊ त्यांच्या मागे गेला आणि मी फोनला बसलो. घरच्या डॉक्टरांचा फोन बंद. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होता. "मानसिकचा पेशंट आमच्याकडे घेत नाहीत. पोलिसांचं पत्र आणा, मग पुढे रेफर करतो," म्हणाला. खासगी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने विचारलं, "पेशंटला काय झालंय?" सांगितल्यावर म्हणाला, "नको दादा, काचा फोडतात." शेवटी पोलीस ठाण्यात फोन केला. पोलीस आले, काकांच्याच खांद्यावरच्या पंच्याने त्यांचे हात बांधले आणि त्यांना घेऊन गेले. काकांनी कुणावर हात उगारला नव्हता. पहाटेपर्यंत ते ठाण्यातल्या बाकावर बसून होते. तिथला एक शिपाई त्यांचाच विद्यार्थी निघाला. तो मान वर करत नव्हता.

सकाळी आम्ही जीप भाड्याने घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. इंजेक्शन दिल्यावर काका चौदा तास झोपले. उन्मादाचा झटका होता, मूळ आजार बायपोलर. लिथियम सुरू झालं, आणि तीन आठवड्यांत काका पुन्हा वर्तमानपत्रातली कोडी सोडवायला लागले. आजार आटोक्यात यायला तीन आठवडे लागले. त्या सहा तासांतून मात्र आमचं घर अजून पुरतं बाहेर आलेलं नाही.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. मनोरुग्णालयांबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं गेलंय. मी शोधत होतो ती घर आणि रुग्णालय यांच्यामधली वाट. न्यायला कोण येतं, आणि बरं झाल्यावर परत घरी पोचवतं कोण?

*

महाराष्ट्रात सरकारची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं आणि पुण्यातलं येरवड्याचं. मंजूर खाटा अनुक्रमे ९४०, ३६५, १८५० आणि २५४०. बेरीज ५६९५. सगळ्या वास्तू इंग्रजी अमदानीतल्या, गावाबाहेर आणि उंच भिंतींच्या आत उभ्या राहिलेल्या. त्या बांधणाऱ्यांना वेड्याला समाजापासून दूर ठेवायचं होतं, त्यामुळे परत येण्याच्या वाटेचा विचार त्या आराखड्यात नव्हताच. आपल्या भाषेतही तेच मुरलं. "ह्याला आता येरवड्याला पाठवा", "ठाण्याला जायची वेळ आलीय" असं आपण सहज म्हणतो. गावाचं नाव हीच शिवी झाली, आणि त्या गावाला उपचार घेऊन आलेला माणूस आयुष्यभर ती शिवी अंगावर वागवतो. काका जिल्ह्याला गेले होते, येरवड्याला गेलेच नव्हते. तरी शाळेतल्या पोरांनी व्हायचं ते नाव पाडलंच.

कायदाही बराच काळ भिंतीच्या बाजूचा होता. १९८७ च्या कायद्यात नातेवाइकांनी अर्ज करायचा, दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं जोडायची किंवा दंडाधिकाऱ्यांकडून 'रिसेप्शन ऑर्डर' आणायची, अशी रीत होती. ग्रामीण रुग्णालयातला तो तरुण डॉक्टर पोलिसांचं पत्र मागत होता, त्याच्यामागे हीच पठडी होती. भीतीही असणारच. मानसोपचाराशी त्याचा संबंध वैद्यकीय शिक्षणातल्या थोड्याशा दिवसांपुरताच आलेला, आणि रात्री अडीचला तो एकटा. त्याच्यावर राग धरायचा मी खूप प्रयत्न केला, पण जमला नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. तो मी ओळीने वाचला तेव्हा ती रात्रच कलमाकलमाने समोर उभी राहिली. कलम २१ सांगतं, शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी आणि ज्या दर्जाची रुग्णवाहिका मिळते, तशीच मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे. कलम ९४ प्रमाणे रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो. त्यासाठी तो मानसोपचारतज्ज्ञ असावा लागत नाही. हे उपचार बहात्तर तासांपर्यंत चालतात आणि रुग्णाला पुढच्या ठिकाणी नेणंही त्यातच येतं. शॉक तेवढा या कलमाखाली देता येत नाही. कलम ९५ ने साखळीने बांधायला बंदी घातली, आणि भूल व स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायलाही. साखळीबंदीच्या या ओळीमागे एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. पळता न आल्यामुळे मेले.

कायदा झाला, पण रात्रपाळीच्या डॉक्टरपर्यंत तो पोचलाय का? मी ठिकठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयांत विचारत फिरलो. बहुतेकांना कायदा आल्याचं माहीत होतं. कलम ९४ माहीत असलेले दोनच भेटले. त्यातल्या एका बाईंनी टेबलाच्या काचेखाली त्याची झेरॉक्स ठेवली होती. "नातेवाईक घाबरलेले असतात आणि स्टाफही घाबरलेला असतो. मग मी हा कागद दाखवते आणि आधी पेशंटला बसायला खुर्ची देते," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे मानसोपचाराची वेगळी खाट नाही. हॅलोपेरिडॉल आणि लोराझेपामची इंजेक्शनं आहेत, एक शांत कोपरा आहे आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांचा मोबाईल नंबर आहे. एवढ्यावर त्या रात्र निभावून नेतात. आमच्या त्या रात्रीलाही यापेक्षा जास्त काही लागलं नसतं.

*

रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णासाठी रात्री अडीचला फोन करायला घरचंही कुणी नसतं. अशांसाठी काय होऊ शकतं, ते बघायचं तर डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याच्या कामाकडे यावं लागतं.

१९८८ ची गोष्ट. मुंबईत मानसोपचाराची प्रॅक्टिस करणारं हे तरुण जोडपं एका उपाहारगृहात बसलं होतं. समोर रस्त्यावर एक खंगलेला, केसांच्या जटा झालेला मुलगा नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पीत होता. रोज असे कितीतरी जण आपल्यासमोरून जातात. या दोघांना मात्र ते मानसोपचारतज्ज्ञ असल्यामुळे एक गोष्ट स्वच्छ दिसत होती, की हा बरा होणारा आजार आहे. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात आणलं आणि उपचार सुरू केले. तो बोलायला लागल्यावर कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम त्याने केलाय, आणि त्याचे वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. त्याला घरी पाठवलं. 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' त्यातून उभी राहिली.

सुरुवातीला जागा म्हणजे दोन खोल्या. पुढे जे. जे. कला महाविद्यालयाचे एक अध्यापक रस्त्यावर भ्रमिष्ट अवस्थेत सापडले आणि श्रद्धामध्ये बरे झाले. त्यानंतर चित्रकार मंडळींनी चित्रांचं प्रदर्शन भरवून निधी उभा केला. त्या पैशांतून दहिसरची जागा झाली. २००६ मध्ये कर्जतजवळ वेणगावला मोठं केंद्र सुरू झालं. ते मोठं करायचं बळ बाबा आमट्यांच्या भेटीतून आलं, असं वाटवानी सांगत आले आहेत. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर श्रद्धाने सात हजारांहून जास्त माणसं घरी पोचवली होती.

या आकड्यापेक्षा मला त्यांची कामाची रीत महत्त्वाची वाटते. ही माणसं बहुतेक स्किझोफ्रेनियाची. घर सोडून गाडीत बसलेली आणि कुठल्या तरी स्टेशनवर उतरलेली. ओळखपत्र नाही, नाव सांगत नाहीत, आणि सांगितलंच तर रोज वेगळं. अशा माणसाला आणलं की पहिलं काम अंघोळ आणि केस कापण्याचं, मग जखमा धुवायच्या, मग जेवण. मग औषध. गोळी थुंकून टाकणाऱ्याला महिनाभर पुरणारं इंजेक्शन. काही आठवड्यांत आवाज विरू लागतात, संशय ओसरतो, झोप लागते. आणि मग एक दिवस एखादा शब्द येतो. एखाद्या नदीचं नाव, शाळेचं, बाजाराच्या वाराचं किंवा गावच्या देवळाचं. सामाजिक कार्यकर्ते त्या एका शब्दावरून माग काढत जातात. भाषा कोणती, उच्चार कुठल्या बाजूचा, हे ओळखणं त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग. बिहारमधल्या जिल्ह्याची बोली आणि झारखंडमधली बोली कानाने वेगळी काढणारी माणसं मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसासाठी लागतात, हे मला आधी सुचलंही नसतं.

मग परतीची गाडी. कार्यकर्ता रुग्णाबरोबर रेल्वेने दोन-दोन दिवस प्रवास करतो, पुढे बस, पुढे रिक्षा, पुढे चालत. घरच्यांनी कधीकधी माणूस मेला म्हणून विधी केलेले असतात. त्या अंगणात उभं राहून आजार काय आहे, गोळ्या कोणत्या, त्या बंद केल्या तर काय होतं, हे सगळं समजावून द्यायचं, सोबत आणलेल्या औषधांचा साठा हाती द्यायचा आणि परतायचं. बहुतेक घरं माणसाला परत घेतात. आपल्याकडे 'घरच्यांनी टाकून दिलं' हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. या कामाचा अनुभव वेगळा आहे. बहुतेकांना कुणी टाकलेलं नसतं, ते हरवलेले असतात. घरच्यांनी देवळांतून, पोलीस ठाण्यांतून शोधून झालेलं असतं. पत्ता सापडत नव्हता एवढंच. ही बाब कायदा करणाऱ्यांनी आणि आपण सगळ्यांनीच नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बेघर मनोरुग्णासाठी आपली योजना म्हणजे अजूनही कायमचा निवारा. जन्मभर ठेवायची सोय.

२०१७ च्या कायद्यातलं कलम १०० या माणसांसाठी आहे. भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणाखाली घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पोचवायचं, आणि कोठडीत किंवा तुरुंगात मुळीच ठेवायचं नाही. घर नसलेल्या माणसाची हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायची जबाबदारीही पोलिसांचीच. तुरुंगाची ही ओळ सहज आलेली नाही. पत्रकार शीला बारसे यांनी गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. तोवर 'नॉन-क्रिमिनल ल्यूनॅटिक' असं नाव देऊन माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात पडून होती.

*

परतीच्या वाटेचा खरा कस लागतो तो सरकारी रुग्णालयांत. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी २०१९ च्या एका अहवालात आहे. त्यात सुमारे ३६ टक्के रुग्ण वर्षापेक्षा जास्त काळ आत राहत असल्याचं दिसलं. अशांतल्या कितीतरी जणांच्या केसपेपरवर 'डिस्चार्जयोग्य' लिहिलेलं असतं आणि तरी माणूस आत असतो. पत्ता चुकीचा, घर विकलेलं, भाऊ फोन उचलत नाही. रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' नावाचं पद असतं, आणि घर शोधायचं काम त्यांचं. रुग्ण शेकड्यांनी आणि अधीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते शोधणार किती?

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला खडसावलं होतं. बरे झालेले रुग्ण राज्यात भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचं न्यायालयापुढे आलं, आणि ते ताबडतोब थांबवा असा आदेश झाला. मला हे वाचताना लाज वाटली होती. पुढे मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी याच प्रश्नासाठी जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले.

यावरचं उत्तर स्वयंसेवी संस्थांनी करून दाखवलंय. चेन्नईत १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन मैत्रिणींनी 'द बनयन' सुरू केलं, बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी. त्यांच्या लक्षात आलं की काहींना परतायला घरच उरलेलं नाही. मग त्यांनी 'होम अगेन' ही कल्पना काढली. सर्वसाधारण वस्तीत घर भाड्याने घ्यायचं, चार-पाच जणांनी एकत्र राहायचं आणि सोबतीला एक प्रशिक्षित साहाय्यक. भाजी कोणती करायची, टीव्ही कधी लावायचा, शेजाऱ्यांकडच्या बारशाला जायचं का, हे त्यांनीच ठरवायचं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांसाठीही हा प्रयोग झाला. वीस-वीस वर्षं वॉर्डात घंटेवर जेवलेल्या माणसाला स्वतःच्या घराची किल्ली हातात मिळते.

सरकारची जागा आणि संस्थेची माणसं असा मेळ आपल्याकडे पूर्वीही जमला आहे. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेही त्याच आवारात.

पैशांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. अशा संस्थांना देणगी देणारे आपल्याकडे कमी नाहीत. वाढदिवसाला गोडाचं जेवण येतं, पितृपंधरवड्यात तर एकेका दिवसासाठी नंबर लागतात. पंख्यावर, कपाटावर, वॉटर कूलरवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. कमी पडतो तो रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार, दरभंग्यापर्यंतचं दोघांचं तिकीट, फोनवर बसणाऱ्याचं प्रशिक्षण आणि महिन्याचं औषध पाठवायचा टपालखर्च. यातल्या कशावरच नाव कोरता येत नाही. मी भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक विश्वस्ताने हे आपापल्या शब्दांत सांगितलं. खोली बांधून द्यायला दाता मिळतो, त्या खोलीत रात्री जागणाऱ्या माणसासाठी नाही.

*

आता फोनकडे येतो.

काकांच्या आजारात संशय आणि उन्माद होता. पण घराघरांतली मोठी आणीबाणी ही जगणं नको झालेल्या माणसाची असते, आणि तिच्याभोवती दीडशे वर्षं पोलिसांचं भय होतं. दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. वाचलेल्या माणसाला रुग्णालयात शुद्ध यायची ती जबाब घ्यायला आलेल्या हवालदारासमोर. म्हणून घरचे खोटं बोलत. 'चुकून औषध पोटात गेलं' सांगत, आणि डॉक्टरही तेच लिहीत. मानसोपचार मग होतच नसे.

या कलमाला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला, आणि तोही पोलीस दलातल्याच एका शिपायामुळे. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्याला मानसिक आजार जडला. हताश होऊन त्याने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव द्यायचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर ३०९ लागलं. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. ज्याला उपचार हवेत त्याला तुरुंग कसला, हा निकालाचा गाभा होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते कलम पुन्हा वैध ठरवलं. मग २०१७ च्या कायद्यातलं कलम ११५ आलं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ राहिलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. हे गावोगावी भिंतींवर लिहायला पाहिजे, कारण पोलीस केस होईल या भीतीने आजही लोक दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे जातात.

आपल्याकडे ऐकून घेणारे फोन आधी संस्थांनी सुरू केले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, पुण्यातली 'कनेक्टिंग', टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल', अशी ही साखळी. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. हा लेख वाचून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा आकडा फोनमध्ये घालून ठेवा.

एका संस्थेचं प्रशिक्षण मीही घेतलं. मला वाटलं होतं, समजूत कशी घालायची ते शिकवतील. पहिल्याच दिवशी दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवलं, फोनसारखं. माझ्या जोडीदारणीने दोन मुलांच्या थकलेल्या आईची भूमिका घेतली होती. ती म्हणाली, "मला आता नाही जगायचं." आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "अहो, मुलांचा तरी विचार करा." प्रशिक्षक बाईंनी आम्हाला थांबवलं. "तिने मुलांचा विचार हजार वेळा केलाय. आपण मुलांवर ओझं झालोय असंच तिला वाटतंय. तुम्ही त्या ओझ्यात भर घातलीत."

आपल्या तोंडात बसलेली वाक्यं त्यांनी एकेक करून काढून घेतली. 'असं बोलू नये', 'देवाने सगळं दिलंय ना', 'याहून वाईट दिवस लोकांनी काढलेत', 'मन खंबीर करा'. सगळी मायेने म्हटलेली, आणि सगळी समोरच्याचं तोंड बंद करणारी. मग काय म्हणायचं? सरळ विचारायचं, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने ते डोक्यात घुसेल, ही भीती खोटी आहे. पहिल्यांदा कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. हो म्हणाला तर पुढे विचारायचं. कधीपासून, काही ठरवलंय का, जवळ काही आहे का, आत्ता घरात कोण आहे? घातक वस्तू दूर ठेवायला सांगायचं, सोबतीला कुणाला बोलावता येईल ते त्याच्याबरोबर शोधायचं. आणि मधेमधे गप्प राहायचं. बाईंनी घड्याळ लावून आम्हाला दोन मिनिटं गप्प बसवलं. फोन कानाला लावून दोन मिनिटं शांत राहून बघा, किती लांब असतात ती. सत्तराव्या की ऐंशीव्या सेकंदाला माझी जोडीदारीण आपसूक रडायला लागली. ते भूमिकेतलं रडणं नव्हतं.

फोनला मर्यादा आहेत. एसटी स्टँडकडे निघालेले काका फोनवर आले नसते. तिथे घरी येणारं माणूस लागतं, शिकलेलं आणि साध्या कपड्यातलं. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, डॉक्टरसह. तीत मानसिक आणीबाणी हाताळायला शिकवलेलं कुणी प्रत्येक वेळी असलं, टेलि-मानस आणि १०८ यांची गाठ घालून दिली आणि तालुक्याच्या रुग्णालयात बहात्तर तासांसाठी दोनच खाटा राखल्या, तर निदान वाटेचा पहिला निम्मा भाग तयार होईल. माणसं कुठून आणायची, हा प्रश्न विचारला जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक राज्यांत लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसल्याचं दिसलं होतं. सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण वाट बांधायला सगळे तज्ज्ञ लागत नाहीत. 'संगत' या संस्थेने विदर्भात अमरावती जिल्ह्यात गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रश्नावर काम केलं. समुपदेशन त्यांनी केलं, अवघड रुग्ण तेवढे डॉक्टरांकडे गेले. श्रद्धाचे कार्यकर्ते डॉक्टर नाहीत, काचेखाली झेरॉक्स ठेवणाऱ्या बाई मानसोपचारतज्ज्ञ नाहीत.

*

काका आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. लिथियम चालू आहे. दर काही महिन्यांनी रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी तपासावी लागते. उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन चालत नाही. उपास तर काकू करूच देत नाही. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, शेजारचे दोघे गेले आणि काकांची झोप पुन्हा उडाली. या वेळी दुसऱ्याच रात्री त्यांनी स्वतः काकूला उठवलं आणि म्हणाले, "मला झोप येत नाहीये आणि मला खूप छान वाटतंय. डॉक्टरांना फोन कर." खूप छान वाटतंय, ही त्यांच्यासाठी धोक्याची खूण, हे त्यांनी बारा वर्षांत शिकून घेतलं होतं. फोनवरच औषधाची मात्रा बदलली. कुठे जावं लागलं नाही.

नव्या कायद्यात पूर्वनिर्देशाची सोय आहे. आजारी पडल्यावर आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे बरं असताना लिहून ठेवायचं आणि या कायद्याखालच्या मंडळाकडे नोंदवायचं. तातडीच्या उपचारांना तो बांधून ठेवत नाही. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नोंदणी वगैरे विचारलं नाही. वहीचं पान फाडून घेतलं, समास आखला आणि गणिताच्या मास्तरच्या अक्षरात क्रमांक घालून लिहायला बसले. तो कागद आता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. एक, झोप सलग दोन रात्री गेली तर वाट बघू नये. दोन, डॉक्टरांचा नंबर, आणि ते न उचलल्यास १४४१६. तीन, मला कोणतं इंजेक्शन सोसत नाही. चार, हात बांधू नयेत, मी सांगितलेलं ऐकतो, फक्त हळू बोलावं. पाच, चप्पल घालायला वेळ द्यावा.

पाचव्या मुद्द्यापुढे काकूने पेन्सिलीने लिहिलंय, दाराच्या डाव्या बाजूला आहेत.